रंग फिका पडतो, तो नेमका कुठे?

या वेळच्या पत्रांत निसर्गचित्र करणारे आहेत, साडी घेणारे आहेत, घर रंगवून पस्तावलेले आहेत. तक्रार मात्र सगळ्यांची एकच: रंग हवा तसा उठत नाही, किंवा उठला तरी टिकत नाही. बहुतेकांनी यावरचा उपाय महागड्या ट्यूबमध्ये किंवा डब्यात शोधलेला दिसतो. आमचं मत थोडं वेगळं आहे. रंगद्रव्य उजेडातला काही भाग शोषून घेतं आणि उरलेला परत पाठवतं. त्या उरलेल्या रंगीत उजेडात जितका पांढरा उजेड मिसळेल, तितकी रंगाची तीव्रता कमी होते. हा पांढरा उजेड पृष्ठभागाच्या चकाकीतून येतो, कागदाच्या खडबडीतपणातून येतो, मधल्या हवेतून येतो, आणि रंगद्रव्य मेलं की खालच्या पांढऱ्या पायातूनही येतो. आधी त्याची वाट शोधा, खरेदी नंतर.

प्रश्न : उन्हात बसून केलेलं जलरंगातलं निसर्गचित्र जागेवर छान वाटतं. घरी आणलं की काळपट आणि मेलेलं दिसतं. रंग तेच, कागद तोच. बिघडतं काय? (वाई)

उत्तर : बिघडतो तो अंदाज. भर दुपारच्या उन्हात कागदावर सुमारे एक लाख लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड पडतो. घरात ट्यूबलाइटखाली भिंतीवर टांगलेल्या चित्राला दीड-दोनशे लक्स मिळाले तरी पुष्कळ. हा फरक पाचशे पटींच्या घरातला आहे, पण डोळा लगेच सरावतो म्हणून तो जाणवत नाही. उजेड वाढला की तोच रंग अधिक तीव्र दिसतो. आर. डब्ल्यू. जी. हंट या रंगशास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये हे मांडलं आणि आजही हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. उन्हात जरासा रंगही पुरेसा वाटतो, म्हणून तुम्ही तिथेच थांबता. शिवाय उन्हातला कोरा कागद डोळे दिपवतो आणि तो दिपवू नये म्हणून हात आपोआप सगळं गडद करत जातो. म्हणजे चित्र एकाच वेळी कमी तीव्र आणि जास्त काळं होतं. घरात नेमकं तेच दिसतं.

उपाय साधा आहे. कागद आणि पॅलेट दोन्ही सावलीत हवेत, आणि एकाच सावलीत हवेत. पॅलेट उन्हात आणि कागद सावलीत अशी मांडणी सर्रास दिसते. ती सगळ्यात वाईट, कारण मिसळलेला रंग कागदावर जाताच उतरल्यासारखा वाटतो. छत्री काळी, करडी किंवा पांढरी घ्या. रंगीत छत्रीखाली उजेडच रंगीत होतो. अंगातल्या भडक शर्टाचाही कागदावर रंग पडतो, लाल टी-शर्टचा तर हमखास. दाट झाडाखाली बसाल तर पानांतून गाळून आलेला हिरवट उजेड कागदावर येतो. मग तुम्ही नकळत हिरवा कमी घालता आणि घरी चित्र तांबूस निघतं. उघड्या आकाशाखालची भिंतीची सावली त्यापेक्षा बरी. ती निळसर असते, पण सगळ्या रंगांना सारखीच निळसर.

सुरुवातीला कागदाच्या कडेला तीन ठिपके द्या: चित्रातला सर्वांत गडद, सर्वांत उजळ आणि सर्वांत तीव्र रंग. पुढचे सगळे रंग या तिघांशी ताडून पाहा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे दीड-दोन तासांपलीकडे एकच चित्र ओढत बसू नये. सावल्या हलतात आणि त्यांच्या मागे धावताना रंग मळतात.

प्रश्न : जलरंग ओला असताना तजेलदार दिसतो आणि वाळला की फिका. कितीही दाट लावला तरी थोडाफार उतरतोच. हे टाळता येईल का? (सांगली, चित्रकला शिक्षिका)

उत्तर : पूर्ण टाळता येणार नाही, पण हिशेबात धरता येतं. कागदाचे तंतू आणि रंगाचे कण यांच्यामध्ये असंख्य बारीक फटी असतात. ओल्यात त्या पाण्याने भरलेल्या असतात. पाण्याचा अपवर्तनांक (पदार्थ उजेड किती वळवतो याचं माप) १.३३, कागदाच्या तंतूंचा साधारण १.५, फरक कमी, म्हणून उजेड फारसा विखुरत नाही आणि आत शिरून रंग घेऊन बाहेर येतो. पाणी उडालं की फटींत हवा येते. तिचा अपवर्तनांक १. फरक वाढतो, उजेड वरच्यावर विखुरतो आणि रंगात पांढरा मिसळतो. रंग कुठे गेलेला नसतो.

आता करायचं काय? मुलांना प्रत्येक मिश्रण त्याच कागदाच्या तुकड्यावर लावून पूर्ण वाळेपर्यंत थांबायची सवय लावा. ओल्या रंगावरून निर्णय घेऊच देऊ नका. वाळल्यावर हवा तो रंग दिसण्यासाठी ओल्यात तो डोळ्यांना खटकेल इतका दाट वाटला पाहिजे. एका धुलाईत (पाणी घालून पातळ केलेल्या रंगाच्या एका थरात) भागत नसेल तर पहिली पूर्ण वाळल्यावर दुसरी पातळ धुलाई द्या. अर्धवट वाळलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवला की खालचे कण उचलले जातात आणि डाग मळकट होतो. उजळ करायला चायनीज व्हाइट (पांढरा जलरंग) घालू नका, पाणी वाढवा. आणि शक्यतो एकाच रंगद्रव्याच्या ट्यूब वापरा. ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्यांचे क्रमांक (पीजी ७, पीवाय ३ असे) छापलेले असतात. विद्यार्थी दर्जाच्या पुष्कळ ट्यूबमध्ये दोन-तीन रंगद्रव्यं आधीच मिसळलेली असतात; अशा दोन ट्यूब मिसळल्या की चार ते सहा रंगद्रव्यं एकत्र येतात आणि प्रत्येक आपापला वाटा शोषून घेतं. उरतो तो मातकट करडा.

कागदाकडेही बघा. कागदाला खळ असते म्हणून रंग वर राहतो. पावसाळ्यात कपाटात उघड्या राहिलेल्या कागदाची खळ दमटपणाने आणि बुरशीने मरते. मग रंग टीपकागदावर पडल्यासारखा आत शोषला जातो आणि ठिपक्याठिपक्यांनी फिका दिसतो. असा कागद रंगवून सुधारत नाही. तो पेन्सिलीच्या सरावाला द्या आणि नवा कागद प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

वर्गात ॲक्रिलिकही वापरत असाल तर हे सगळं उलटं होतं. त्यातलं माध्यम ओल्यात दुधट असतं आणि वाळल्यावर पारदर्शक होतं, म्हणून ॲक्रिलिक वाळताना गडद होतो. पोस्टर कलरमध्ये तर गडद छटा वाळून फिक्या होतात आणि फिक्या छटा किंचित गडद. मुलांचा गोंधळ होणारच.

प्रश्न : दुपारच्या उन्हातली झाडं रंगवताना हिरवा नेहमी प्लास्टिकसारखा दिसतो. (रत्नागिरी)

उत्तर : कारण तुम्ही उन्हाच्या बाजूला सर्वांत तीव्र हिरवा लावत असणार. प्रत्यक्षात तिथे तो नसतो. आंब्याच्या किंवा फणसाच्या पानावर मेणचट थर असतो. वरून पडलेलं ऊन त्यावरून आरशासारखं परावर्तित होतं आणि पानाचा वरचा भाग पांढरट, आकाशाकडे वळलेला असेल तर निळसर दिसतो. खरा तीव्र हिरवा दिसतो तो पानाच्या मागून ऊन येत असताना. तिथे पृष्ठभागाची चकाकी नसते. उजेड पानातून आरपार येतो आणि पोपटी पिवळा होतो. झाडाच्या कडेची, सूर्याच्या दिशेची चार-दोन पानं अशी असतात. तीव्रता तेवढ्यांसाठी राखून ठेवा.

मिश्रण म्हणाल तर थेलो ग्रीन, म्हणजे पीजी ७, ट्यूबमधून सरळ कधीच लावू नये. त्याची रंगवण्याची ताकद प्रचंड आहे. बर्न्ट सिएनामध्ये तो ब्रशच्या टोकावर येईल इतकाच घाला. सावलीतला आंब्याचा हिरवा तयार होतो. उन्हातल्या पांढरट पानांसाठी अल्ट्रामरीनमध्ये थोडा यलो ऑकर आणि भरपूर पाणी. आरपार उजेडाच्या पानांसाठी लेमन यलो, म्हणजे पीवाय ३, आणि त्यात थेलो ग्रीनचा स्पर्श. बाकी झाड मंद ठेवलं की ही पानं आपोआप पेटतात.

दूरच्या डोंगरांनाही हाच नियम लागू. तुम्ही आणि डोंगर यांच्यामधली हवा स्वतः उजेड विखुरते आणि तो निळसर पांढरा उजेड डोंगराच्या रंगात मिसळतो. ऑक्टोबरात धूळ बसलेली असते, त्यामुळे चौथी-पाचवी रांगही हिरवी ओळखू येते; मे महिन्याच्या धुरकट हवेत दुसरीच रांग करडी होते. महिना ओळखू येईल असं चित्र हवं असेल तर हे नीट पाहा.

प्रश्न : पहिल्या पावसानंतर जांभा दगड आणि झाडं इतकी गडद का दिसतात? फोटोत मात्र तो गडदपणा येत नाही. (सावंतवाडी)

उत्तर : दगडाचं कारण वर जलरंगाला दिलं तेच आहे, फक्त उलट्या दिशेने: सच्छिद्र जांभ्याच्या फटींत पाणी भरतं, उजेडाचं विखुरणं थांबतं आणि लोहाचा तांबडा रंग मोकळा दिसतो. पानांवरची धूळ धुतली जाते हे दुसरं. तिसरं म्हणजे ढगाळ उजेड सगळीकडून सारखा येतो, त्यामुळे उन्हासारखे टोचणारे पांढरे ठिपके पडत नाहीत.

फोटोत अडचण अशी की ओल्या पृष्ठभागावर आकाशाचं पांढरं प्रतिबिंब पडतं. डोळा ते दुर्लक्षू शकतो, कॅमेरा नाही. यावर पोलरायझर फिल्टर हाच उपाय आहे. तो फिरवत राहा. एका ठिकाणी पानांवरची पांढरी झाक अचानक निघून जाते. पाण्याच्या किंवा ओल्या पानाच्या पृष्ठभागाशी तुमच्या नजरेचा कोन ३५ ते ४० अंशांच्या आसपास असेल तेव्हा परिणाम सर्वाधिक. फिल्टरने दीड ते दोन स्टॉप उजेड कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेव्हा ढगाळ दिवशी शटर मंद होईल आणि ट्रायपॉड लागेल. फोटो संगणकावर नेऊन सॅच्युरेशनची पट्टी ओढणं हा पर्याय आम्हाला पटत नाही. पांढरी झाक तशीच राहते आणि तिच्या भोवतीचं गवत मात्र भगभगीत होतं. मोबाइल असेल तर पोलराइज्ड गॉगलची काच लेन्ससमोर धरून फिरवून पाहा, बऱ्यापैकी काम होतं.

प्रश्न : दहा वर्षांपूर्वीच्या चित्रातला गुलाबी आणि किरमिजी जवळपास उडालाय, निळा आणि तपकिरी जसेच्या तसे आहेत. चित्र खिडकीसमोर होतं, पण काचेच्या फ्रेममध्ये. (नाशिक)

उत्तर : ट्यूबवर अलिझरिन क्रिमसन, पीआर ८३ असं होतं का बघा. मंजिष्ठाच्या मुळातलं हे रंगद्रव्य १८६८ पासून कृत्रिमरीत्या बनतं. जलरंगाच्या पातळ धुलाईत त्याचा टिकाव लागत नाही. प्रकाश शोषून रंगाच्या रेणूतले बंध तुटतात आणि रेणू रंगहीन होतो. हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि उन्हात वाळत घातला की निघून जातो, तिथेही उन्हाने रेणूच मोडलेला असतो. अल्ट्रामरीन (पीबी २९) आणि बर्न्ट सिएना (पीबीआर ७) ही खनिज रंगद्रव्यं. उन्हाला मोडता येईल असं त्यांच्यात फारसं काही नाही.

काचेवर फार विश्वास ठेवू नका. साधी काच अतिनील किरणांचा काही भागच अडवते. खास फिल्टर काच बहुतेक अडवते, पण दृश्य निळा-जांभळा उजेडही नाजूक रंग मारतो, आणि तो अडवला तर चित्र पिवळं दिसेल. खरा हिशेब एकूण उजेडाचा आहे. संग्रहालयांत कागदावरच्या नाजूक चित्रांना साधारण ५० लक्स देतात. रोज दहा तास धरले तर ५०० लक्स-तास. खिडकीतून एक लाख लक्सचं थेट ऊन एक तास पडलं तर अशा २०० दिवसांचा उजेड एका तासात झाला. तेव्हा चित्र अशा भिंतीवर हलवा, जिथे थेट ऊन वर्षातल्या कुठल्याच महिन्यात पोहोचत नाही.

पुढच्या वेळी किरमिजीसाठी पीव्ही १९ किंवा पीआर १२२ ही क्विनाक्रिडोन कुळातली रंगद्रव्यं घ्या, लालसाठी पीआर २५४. ऑरिओलिन (पीवाय ४०) आणि डोळ्यांत भरणारे ऑपेरा गुलाबी यांच्यापासून लांब राहा. ऑपेरातला तो झगझगाट प्रतिदीप्त रंजकाचा असतो आणि सगळ्यात आधी तोच जातो. छपाईसाठीचं चित्र असेल तर खुशाल वापरा. टिकाऊपणाची चिन्हं वाचताना एक गफलत होते: अमेरिकन एएसटीएम मोजपट्टीत १ सर्वोत्तम आणि ५ सर्वांत वाईट, लोकरीच्या निळ्या पट्ट्यांच्या मोजपट्टीत १ सर्वांत वाईट आणि ८ सर्वोत्तम.

छापील माहितीवर न थांबता स्वतः तपासा. जाड कागदाच्या पट्टीवर प्रत्येक रंग दोनदा लावा, एकदा दाट आणि एकदा दहापट पाण्याने पातळ. पातळ धुलाई आधी मरते, म्हणून ती हवीच. पट्टीचा अर्धा भाग स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलने घट्ट झाका, मागे तारीख लिहा आणि काचेआड उन्हात ठेवा. आपल्याकडे दक्षिणेच्या खिडकीत ऑक्टोबर ते फेब्रुवारीच खोलवर ऊन येतं. मे महिन्यात सूर्य जवळपास डोक्यावर असतो आणि तीच खिडकी कोरडी राहते. उन्हाळ्यात पट्टी पश्चिमेच्या खिडकीत किंवा गच्चीवर काचेखाली आडवी ठेवा. पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी फॉइल काढून दोन्ही अर्धे ताडून पाहा.

उडालेला रंग परत येत नाही. मूळ चित्रावर नवा किरमिजी चढवू नका.

प्रश्न : तैलचित्र वाळल्यावर काही भाग चकचकीत राहिले आणि गडद भाग राखाडी, मॅट झाले. (कोल्हापूर)

उत्तर : खालच्या थराने किंवा शोषक जेसोने (कॅनव्हासवरच्या पांढऱ्या अस्तराने) वरच्या रंगातलं तेल ओढून घेतलं. अंबर (मातीचा तपकिरी) आणि काळा यांच्यात हे फार होतं. कोणत्याही वाळलेल्या रंगाच्या वरच्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड रंग न घेताच परत फिरतो. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर तो एकाच दिशेला जातो. तुम्ही बाजूला झालात की संपला. मॅट पृष्ठभागावरून तो सगळीकडे पसरतो आणि कुठूनही पाहिलं तरी डोळ्यात येतो. पिवळा रंग स्वतःच भरपूर उजेड परत पाठवतो, त्याला हे चार टक्के जाणवत नाहीत. गडद अल्ट्रामरीन किंवा काळा मात्र मुळात तेवढाच उजेड परत पाठवतो, म्हणून तिथे सगळा खेळ बिघडतो.

चित्र स्पर्शाला कोरडं झाल्यावर जवसाचं तेल आणि मिनरल टर्पेंटाइन निम्मं-निम्मं मिसळा, लिंट न सुटणाऱ्या कापडाने फक्त मॅट झालेल्या भागावर चोळा आणि दहा मिनिटांनी जेवढं निघेल तेवढं पुसून घ्या. वर तेलाचा थर उरला तर तो पुढे पिवळा पडतो. तेलाची फडकी गोळा करून टोपलीत टाकू नका, आपोआप पेटतात. पाण्यात भिजवून पसरून वाळवा. अंतिम व्हार्निश सहा महिने ते वर्षाने. चकाकीसाठी कुठलंही व्हार्निश चालेल असं समजू नका: अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर १९२०-२२ मध्ये निजाम सरकारने बोलावलेल्या चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी शेलॅक (लाखेचं व्हार्निश) वापरलं. तेव्हा रंग खुलले असणार, पण पुढे तो थर पिवळसर तपकिरी झाला आणि खालचे निळे-हिरवे त्याआड गेले. तो काढणं पुरातत्त्व खात्याला पुढे फार जड गेलं.

प्रश्न : स्टुडिओला उत्तरेचीच खिडकी हवी असं का म्हणतात? (पुणे)

उत्तर : थेट ऊन येत नाही आणि उजेडाचा रंग दिवसभर फारसा बदलत नाही म्हणून. पण हा सल्ला युरोपातून आलेला आहे. महाराष्ट्रात मार्चअखेर ते सप्टेंबर सूर्य पूर्वेच्या उत्तरेकडून उगवतो. जूनमध्ये तर सुमारे २५ अंश उत्तरेकडून. त्या महिन्यांत सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीत तिरकं ऊन येतं. बाजूने उभा छज्जा घाला किंवा खिडकीला ट्रेसिंग पेपर लावा, रंगीत पडदा नको. समोरच्या इमारतीची भिंत पिवळी असेल तर उत्तरेची खिडकीही पिवळी, हे घर घेतानाच बघायचं.

प्रश्न : दुकानात गडद वांगी रंगाची दिसलेली पैठणी घरी लालसर दिसते, आणि जुळवून घेतलेला ब्लाउजपीस उन्हात वेगळाच. (ठाणे)

उत्तर : यात दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली धूपछाव. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असेल तर रेशमाचे धागे आपापल्या दिशेने चकाकतात. साडी फिरवली की कधी एक रंग वर येतो, कधी दुसरा. हा दोष नाही, विणकामाची खुबी आहे. दुकानात वरून मारलेल्या स्पॉटलाइटमध्ये एकच कोन दिसतो, म्हणून पदर हातावर घेऊन चारही दिशांना फिरवून पाहा आणि घडी घालून सावलीची बाजूही बघा.

दुसरी, दिव्याची. दोन कापडं वेगवेगळ्या रंजकांनी रंगवलेली असतील तर एका दिव्याखाली जुळतात आणि दुसऱ्याखाली फुटतात. साध्या एलईडीचा रंगदर्शक निर्देशांक (सीआरआय, म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो याचं माप) ८० च्या आसपास असतो आणि त्यात गडद लाल उजेड कमी पडतो. किरमिजी, वांगी, तपकिरी हे रंग तिथे खोटे दिसतात. ९० च्या वरचे दिवे बरे. साडी आणि ब्लाउजपीस एकत्र दाराशी न्या, पण उन्हात नाही, उघड्या आकाशाच्या सावलीत. थेट उन्हात रेशमाची चकाकी इतकी वाढते की तीव्रता कळतच नाही. मग त्याच जोडीला समारंभ संध्याकाळचा असेल तर पिवळ्या दिव्याखालीही पाहा. पांढरा काठ उन्हात निळसर झळकत असेल तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर (कापड जास्त पांढरं दिसावं म्हणून घातलेलं रसायन) आहे; तो अतिनील किरणांवर चालतो, सभागृहातल्या एलईडीखाली तो काठ साधा दिसेल.

प्रश्न : बंगल्याला बाहेरून गडद विटकरी आणि पिवळा रंग दिला. दोन वर्षांत पश्चिमेची भिंत विटली, पूर्वेची ठीक आहे. कंपनीचा रंग खराब का? (सोलापूर)

उत्तर : आधी काळा कपडा भिंतीवर घासून पाहा. पांढरी भुकटी आली तर रंगद्रव्य बहुधा शाबूत आहे; अतिनील किरणांनी वरचं बंधक (रंगाचे कण धरून ठेवणारं द्रव्य) मेलंय आणि सुटे कण वर उघडे पडलेत. ते उजेड विखुरतात आणि भिंत पांढरट दिसते. भिंत ओली केल्यावर रंग परत गडद दिसला तर निदान पक्कं. भुकटी न येता रंगच फिका दिसत असेल आणि ओला करूनही परत येत नसेल तर रंगद्रव्य उडालं.

पहिल्या प्रकारात दोष अनेकदा रंगाचा नसून पाण्याचा असतो. डब्यावर लिहिलंय त्याहून जास्त पाणी घालून रंग पुरवला की बंधकाचा थर पातळ होतो आणि लवकर पिठाळतो. डबे उघडताना समोर उभं राहा आणि पाणी मापाने घालायला लावा. दुरुस्तीसाठी भुकटी ताठ ब्रशने आणि पाण्याने पूर्ण धुवा, वाळू द्या, बाहेरचा प्रायमर, मग दोन हात. भुकटीवरच नवा रंग दिला तर पोपडे निघतील. प्लास्टर नवं असेल तर पाणी मारून झाल्यावरही किमान २८ दिवस थांबा. सिमेंटचा क्षार काही रंगद्रव्यांना चालत नाही. प्रशियन निळा तर क्षारात तपकिरी होतो.

दुसऱ्या प्रकारात शेडच बदलावी लागेल. पिवळा सेंद्रिय रंगद्रव्याचा होता का ते विक्रेत्याला विचारा. लोहाच्या ऑक्साइडचे विटकरी (पीआर १०१) आणि मातकट पिवळे (पीवाय ४२) उन्हाला वर्षानुवर्षं पुरतात. कोकण-गोव्यातल्या देवळांवरची कावी चित्रं तांबड्या मातीची आणि चुन्याची आहेत, म्हणूनच आजही तांबडी दिसतात. लिंबासारखा झगझगीत पिवळा बाहेरून हवाच असेल तर तो पूर्वेला किंवा ओट्याच्या आत द्या.

शेडकार्डाबद्दलही थोडं. दोन इंचांच्या चौकोनातला रंग भिंतभर दिला की उजळ आणि भडक वाटतो. मीटरभर लांब-रुंद नमुना दोन भिंतींवर लावून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पाहा. मनात असलेल्या शेडपेक्षा एक पायरी करडी शेड घेतलेली बहुतेक वेळा बरोबर ठरते.

प्रश्न : रांगोळीचे रंग पुडीत गडद, फरशीवर फिके. (चिंचवड)

उत्तर : रांगोळीची पूड मुळात पांढऱ्या दगडाची, रंग तिच्यावर चढवलेला असतो. चिमटीने पातळ भुरभुरलं की कणांमधून पांढरी फरशी डोकावते. फरशीवर आधी गेरू द्या आणि तो पूर्ण वाळू द्या, ओला राहिला तर पूड भिजून डाग पडतात. गेरूच्या गडद पायावर पिवळा, हिरवा, निळा उठून दिसतात. शेजारच्या रंगाने रंग बदलतो हे शेव्रल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८३९ मध्ये पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेतल्या धाग्यांवरून दाखवलं होतं. गेरूवर नारिंगी आणि लाल मात्र बुडतात, त्यांना पांढरी रेघ घाला. पुरवण्यासाठी रंगात पांढरी रांगोळी मिसळू नका, त्याऐवजी आकृती लहान काढा. पणत्यांच्या उजेडात पाहायची रांगोळी असेल तर निळा आणि जांभळा कमी ठेवा: ज्योतीच्या उजेडात निळा भाग फार थोडा असतो आणि हे दोन्ही रंग काळे दिसतात. मोर काढायचाच असेल तर निळ्याला पांढरी किंवा पिवळी किनार द्या आणि पिसाऱ्यात पोपटी वाढवा.